बर्मिंगहॅमचं भगिनी मंडळ

आमच्या इंजिनियरिंगच्या इमारतीत बायकांचं टॉयलेट एकच होतं, तेही तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणाला. इमारत बांधली तेव्हा इथे मुली शिकायला येतील हे कोणाच्या डोक्यातही आलं नसावं. नंतर कधीतरी झाडू-बादल्यांची खोली रिकामी करून तिथे दोन कमोड आणि एक बेसिन बसवून टाकलं होतं. बेसिन इतकं लहान, की हात धुताना पाणी हमखास पोटावर उडायचं. मी सिव्हिलच्या पहिल्या वर्षाला होते. वर्ग भरून मुलगे आणि एका बाकावर मावतील इतक्या मुली. आणि त्या मुलींशीही माझी ओळख वर्गात नाही, तर त्या बेसिनपाशी झाली. तिथेच दाराच्या आतल्या बाजूला, बसल्यावर बरोबर डोळ्यांसमोर येईल असा एक पिवळा कागद चिकटवलेला होता. त्यावर जाड मार्करनं लिहिलं होतं, ‘इथे तू एकटी नाहीस. गुरुवारी सूप आहे. ये.’ खाली विद्यापीठाजवळच्या सेली ओक वस्तीतला एक पत्ता आणि तीन ग्रीक अक्षरं. ती अक्षरं मी इथे देत नाही, पण त्यातलं एक आमच्यासाठी कोन होतं, एक घनता आणि एक घर्षणाचा गुणांक. त्यामुळे मला आधी वाटलं, कोणीतरी एखादं सूत्र अर्धवट लिहून निघून गेलंय.

मी मुळात भोचक. दहा वर्षांची असताना बाबांना इकडच्या हॉस्पिटलात भुलीच्या डॉक्टरची नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून लंडनच्या एजवेअर भागात आलो, तेव्हापासून लोकांच्या खिडक्यांतून आत बघायची मला सवयच लागली होती. पडदे न लावता लोक दिवे लावून बसतात, जेवतात, भांडतात, आणि शेजारच्यांचं कोणी बघत नाही, याचं मला फार नवल वाटायचं. आई म्हणायची, “अनू, मान मोडेल एक दिवस.” आता वाढत्या नंबरचा चष्मा लागला तरी बसच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली की मी अजून तेच करते. तेव्हा एका घरात इंजिनियरिंगच्या मुली जमतात, सूप पितात आणि दारावर सूत्रं लिहितात, एवढं कळल्यावर मी न जाणं शक्यच नव्हतं.

सेली ओकच्या त्या गल्लीत सगळी घरं एकसारखी होती. लाल विटांची, एकमेकांना खांदा लावून उभी. घरांच्या मागून रेल्वेलाइन जायची आणि गाडी आली की स्वयंपाकघरातल्या कपाटातले मग एकमेकांवर किणकिण वाजायचे. दार उघडलं ते शोनानं. हातात डाव, केस पेन्सिलीनं वर खोवलेले. ती ग्लासगोची, इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला आणि त्या घराची अध्यक्ष. तिचं इंग्रजी मला पहिले दोन महिने अर्धंच कळायचं. त्या दिवशी ती दारात जे बोलली त्यातलं मला फक्त ‘बूट’ आणि ‘मसूर’ एवढं समजलं. मी बूट काढले. पॅसेजमध्ये सायकली इतक्या दाटीनं लावल्या होत्या की तिरकं होऊन आत जावं लागलं. आत लांबलचक टेबल होतं, त्यावर ब्रेड, सुपाचं पातेलं, कॅल्क्युलेटर आणि कोणाचेतरी ओले मोजे. भिंतीवरच्या, घर तापवायच्या बॉयलरसमोर खुर्चीवर चढून एक मुलगी त्याच्या पोटात हात घालून उभी होती. तिनं मागे वळून न बघताच विचारलं, “सिव्हिल का? सिव्हिलवाल्या नेहमी दारातून आत येताना आधी छताकडे बघतात.”

मी खरंच छताकडे बघत होते. तिथे भेग होती.

ती जॅस. पूर्ण नाव जसप्रीत. मेकॅनिकलची, माझ्यापेक्षा एक वर्ष पुढे, बर्मिंगहॅमपासून फार लांब नसलेल्या एका गावातली. तिच्या वडिलांचं पत्र्याचे सुटे भाग दाबून काढायचं छोटं वर्कशॉप होतं आणि तीन भावंडांत इंजिनियरिंगला गेलेली तीच एक. बोलायची तिकडच्याच हेलात, शब्द ओढत. रागावली की पंजाबीत.

या घराची कथा मला त्याच संध्याकाळी कळली. काही वर्षांपूर्वी बेथ नावाची एक अमेरिकन मुलगी संशोधनासाठी तिथे आली होती. तिच्या देशात कॉलेजातल्या मुलींच्या सॉरोरिटी, म्हणजे ग्रीक अक्षरांची नावं घेतलेले क्लब, असतात, आणि ती ज्या सॉरोरिटीत होती ती खास इंजिनियरिंग आणि सायन्सच्या मुलींची. इथे आल्यावर तिला करमेना, म्हणून तिनं तशीच एक सुरू केली. नियम, शपथ, गाणं, मेणबत्त्या, सगळं तिनं कागदावर उतरवून दिलं आणि काम झाल्यावर परत गेली. मागे राहिलेल्या मुलींनी आपल्या सोयीनं त्याचं काय ते केलं. गाणं म्हणायला कोणीच तयार होईना, कारण लाज वाटायची. म्हणून ते ‘मनातल्या मनात’ म्हणायचं ठरलं. मेणबत्त्यांनी घरातला स्मोक अलार्म वाजायचा, म्हणून त्यांच्या जागी सायकलचे दिवे आले. उरलं ते गुरुवारचं सूप, आणि प्रत्येक नव्या मुलीला एक मोठी बहीण नेमून द्यायची, ही चाल.

रविवारी मी घरी फोन केला. आमच्या घरी फोन हा कार्यक्रम असायचा. आई रिसीव्हर धरायची, बाबा तिच्या कानाला कान लावून उभे राहायचे आणि माझी धाकटी बहीण रेवा वरच्या खोलीतला दुसरा फोन उचलून मधेच बोलायची.

“सॉरोरिटी म्हणजे गं काय?” आईनं विचारलं.

“मुलींचा क्लब असतो. एकमेकींना बहिणी म्हणतात.”

“म्हणजे भगिनी मंडळच की! हळदीकुंकू असतं का?”

“सूप असतं.”

“अमेरिकेत त्यांना दारू पाजून तळघरात कोंडतात,” बाबांचा आवाज आला. “मी पिक्चरमध्ये बघितलंय.”

“इथे तळघर नाहीये, बाबा.”

“ताईची मंडळ!” रेवा वरून ओरडली. ती इथे आली तेव्हा जेमतेम चालत होती. मराठी सगळं कळायचं, पण तिच्या मराठीत लिंगं वाऱ्यावर असायची. “ताई, तुझी नवीन घर मोठा आहे?”

घर माझं नव्हतं अजून, पण त्या दिवसापासून एजवेअरला त्याचं नाव ‘अनूचं मंडळ’ पडलं ते पडलंच.

मला आत घेतलं त्या संध्याकाळी पडदे ओढून सगळ्या जणी सायकलचे दिवे हातात धरून जिन्यावर उभ्या राहिल्या. कोणाचा तरी दिवा लुकलुकणाऱ्या सेटिंगवर अडकला होता आणि मला हसू आवरेना. शोनानं शपथ वाचली, मी ती म्हटली, मग सगळ्या जणी गाणं मनात म्हणत स्तब्ध उभ्या राहिल्या. त्या शांततेत मागून गाडी गेली आणि स्वयंपाकघरातले मग वाजले. मग जॅस पुढे आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “मी तुझी मोठी बहीण. मला काहीही विचारायचं. फक्त सकाळी नऊच्या आत नाही.” मी घरात थोरली, जन्मभर कोणाची तरी ताई. कोणीतरी आपल्यापेक्षा मोठं, आणि तेही आई-वडिलांसारखं नाही तर एकाच पायरीनं वर उभं, हे मला नवीन होतं. त्या एका पायरीवरून जॅसनं मला काय काय दाखवलं! वर्कशॉपमध्ये लेथपाशी उभं कसं राहायचं, गटातल्या मुलांनी ‘तुझं अक्षर छान आहे’ म्हणून रिपोर्ट लिहायला बसवलं तर पेन त्यांच्याच हातात परत कसं द्यायचं, बसचा ड्रायव्हर थांबत नसेल तर काय करायचं. शिकवतेय असं तिनं कधी दाखवलं नाही. ती करायची आणि मी बघत राहायचे, तिला ते चालायचं.

दुसऱ्या वर्षी मी त्या घरात राहायलाच गेले. आता मागे वळून बघताना मला त्या घराचा आधी आवाज आठवतो. बॉयलर पहाटे खोकल्यासारखा दोनदा ठसकायचा आणि मग पाइपांतून वर चढत जायचा. तो कधी लावायचा यावर घरात कायम वाद, कारण प्रत्येकीचं उष्णतेबद्दल स्वतंत्र मत होतं आणि प्रत्येकीकडे ते सिद्ध करायला आलेख होता. वरच्या खोलीतली केमिस्ट्रीची मुलगी शिंकली की खालपर्यंत ऐकू यायचं. शोना अंघोळ करताना मोठ्यानं शिट्टी वाजवायची. आणि वास! शोनाची मॅकरोनी, करपलेला टोस्ट, जॅसच्या घरून आलेले मुळ्याचे पराठे, ज्यांचा वास फ्रीज उघडला की दरवाजापर्यंत यायचा. मी आईनं दिलेलं मेतकूट भातावर घालून खायचे. एका गुरुवारी शोनानं ते सुपात ढवळलं, चाखलं, आणि पुढच्या वेळी एजवेअरहून डबा भरून आणायची ऑर्डर दिली. आई फोनवर कितीतरी वेळ हसत होती. ग्लासगोच्या मुलीला मेतकूट आवडतं, हे तिनं आपल्या सगळ्या मैत्रिणींना सांगितलं असणार.

त्या वर्षीच्या हिवाळ्यानंतरची गोष्ट. जॅस गप्प गप्प असायची. एका दुपारी लेक्चर सुटल्यावर तिनं मला कालव्याकडे चल म्हटलं. कालव्याच्या कडेनं आम्ही नेहमीच चालायचो. पाण्यात बदकं, काठाला लांबट होड्या बांधलेल्या, त्यांच्या धुराड्यांतून लाकडाचा धूर. बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली,

“मी सोडतेय.”

“घर?”

“इंजिनियरिंग.”

मी थांबले. तिला पदवीला जेमतेम दीड वर्ष राहिलं होतं. तिच्या वर्गात तिच्याइतकं कोणाला येत नव्हतं, हे मुलगेही कबूल करायचे.

“तू मला समजावणार नाहीस?” तिनं विचारलं. “सगळे समजावतील. तू आधी सुरू कर.”

“आधी मला कळू तर दे. सोडून काय करणार?”

मग तिनं सांगितलं. ख्रिसमसच्या सुटीत तिच्या वहिनीला अचानक कळा सुरू झाल्या. भाऊ गावाला गेलेला, म्हणून जॅस तिच्याबरोबर हॉस्पिटलात गेली. आत राहायचं तिच्या मनात नव्हतं, पण वहिनीनं हात सोडला नाही. तिथली मिडवाइफ, म्हणजे बाळंतपण करणारी बाई, तिला जॅस दिवसभर बघत राहिली. “ती घाई करत नव्हती गं,” जॅस म्हणाली. “कधी हात लावायचा आणि कधी नाही लावायचा, हे तिला माहीत होतं. मला कधी कशाबद्दल असं वाटलेलं नाही की हे मला आलंच पाहिजे. लेथबद्दलही नाही. मला ते सगळं येतं, अनू. पण येतं म्हणून करत राहायचं का?”

मी तिला आणखी विचारत राहिले. त्याचं शिक्षण कुठे मिळतं, किती वर्षं लागतात, रक्ताची भीती वाटली का, बाळ बाहेर आल्यावर आधी कोणाकडे बघतं. ती सांगत राहिली, आणि तिचा चेहरा कितीतरी आठवड्यांनी सैल झाला. फक्त वडिलांना अजून सांगितलं नव्हतं. आणि शोनालाही.

शोनाला तिनं पुढच्या गुरुवारी सांगितलं, टेबलाशी, सगळ्यांसमोर. शोनानं डाव खाली ठेवला.

“नर्स?”

“मिडवाइफ.”

“माझ्या शाळेतल्या बाईंनी मला काय सांगितलं होतं माहितीये?” शोनाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “म्हणाल्या, शोना, तुला लोकांची काळजी घ्यायला आवडतं, तू नर्सिंगला जा. मी इलेक्ट्रिकलचा फॉर्म भरला तर हसल्या. वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी मला चहा करायला सांगितला. आणि आता आपल्यातली सगळ्यात हुशार मुलगी उठून म्हणतेय की त्या बाई बरोबर होत्या.”

“मी असं म्हणत नाहीये.”

“पण ते तसंच म्हणतील! तुझ्या वर्गातले सगळे म्हणतील, बघा, शेवटी गेली. आणि पुढच्या वर्षी जी मुलगी येईल तिला ते ऐकावं लागेल, तुला नाही.”

सूप तसंच निवत राहिलं. शोनाचं चुकत होतं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तिनं जे सांगितलं ते पुढे तसंच झालं. जॅसच्या नावानं टोमणे मीही ऐकले. पण जॅसही चुकत नव्हती, आणि दोघी बरोबर असताना काय करायचं, हे बेथनं लिहून ठेवलेल्या नियमांत नव्हतं. नियमांत एवढंच होतं की हे मंडळ आणि हे घर इंजिनियरिंग आणि सायन्स शिकणाऱ्या मुलींचं आहे. शोनानं दहा दिवसांनी बैठक बोलावली. जॅस बहीण राहते की नाही, हे तिथे ठरणार होतं.

मधल्या रविवारी घरच्यांना जेवायला बोलवायचा आमचा वार्षिक कार्यक्रम होता, तो आधीच ठरलेला. बाबांना ड्यूटी होती, म्हणून आई आणि रेवा दोघीच आल्या. लंडनच्या यूस्टन स्टेशनपासून गाडीत आईनं मांडीवर धरून आणलेल्या पिशवीत अळूवड्यांचे उकडलेले उंडे होते, फॉइलमध्ये गुंडाळलेले. “तळून गरम वाढते,” म्हणत तिनं आल्या आल्या साडीवरच शोनाचा एप्रन बांधला. बाकीच्या मुलींच्या आया बाहेरच्या खोलीत केक-कस्टर्डचं ट्रायफल घेऊन बसल्या होत्या. रेवाला शोनाचं बोलणं फार आवडलं, ती तिच्या मागे मागे फिरत राहिली आणि मला हळूच येऊन म्हणाली, “ताई, तिचा इंग्लिश गाणंसारखी आहे.” जॅसच्या घरचं कोणी आलं नव्हतं. तिनं कोणाला बोलावलंच नव्हतं.

मी मागच्या दाराच्या पायरीवर बसून कोथिंबीर निवडत होते. आत आई वड्या तळत होती आणि जॅस भांडी धूत होती. आई हिंदीत, जॅस पंजाबीत. दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं.

“आंटीजी,” जॅस म्हणाली, “अनू सांगत होती, तुम्ही इंजिनियर होता.”

“होते. इलेक्ट्रिकल. वीज मंडळात होते, पुण्याबाहेर एका सबस्टेशनवर.”

“आणि आता?”

“आता चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. लोकांना फ्रेम दाखवते. बरं आहे ते काम.” कढईत वड्या पडल्याचा आवाज झाला. “का गं?”

“सोडल्याचं वाईट वाटतं का?”

झारा कढईच्या काठावर आपटून आईनं तेल निथळलं.

“मी सोडलं नाही, बेटा. मी विमानात बसले. मुली लहान होत्या, अनूच्या बाबांची नोकरी नवीन, मला वाटलं वर्षभरानं बघू. मग एक दिवस लक्षात आलं, की ते सुटलं. कधी सुटलं ते मलाच माहीत नाही.” मग म्हणाली, “सोडणं वेगळं आणि सुटणं वेगळं. तू सोडणार असशील तर नीट बघून, दोन्ही हातांनी सोड. मग वाईट वाटलं तरी ते तुझं असतं.”

मी कोथिंबीर हातात धरून बसून राहिले. आई इंजिनियर होती हे मला ठाऊक होतं. पुण्याच्या घरी भिंतीवर तिच्या पदवीचा फोटो होता, मुलग्यांच्या रांगांमध्ये एक वेणी. पण ते मला आईच्या माहेरच्या आडनावासारखं ठाऊक होतं. कधीतरी होतं, आता नाही. साऱ्या जगाच्या खिडक्यांत डोकावणारी मी, पण हे वाक्य मी आईच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते, आणि तेही मला सांगितलेलं नव्हतं. आत जावंसं वाटलं, पण गेले नाही. थोड्या वेळानं जॅसनं तिला विचारलं, “ही कसली पानं?” आणि दोघी अळूबद्दल बोलायला लागल्या.

बैठक ठरल्या दिवशी, पुढच्या आठवड्यात झाली, संध्याकाळी, टेबलाशीच. बाहेर अजून उजेड होता. मतदानाची आमची पद्धत साधी होती: पसंती असेल तर नट टाकायचा, नसेल तर वॉशर. शोनाच्या बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात, कापडाखाली हात घालून. एकही वॉशर निघाला तर नकार, असा बेथचा नियम होता. नव्या मुलीला घेताना तो वापरला जायचा. जुन्या मुलीसाठी कधीच वापरला नव्हता.

शोना म्हणाली, “कोणाला काही बोलायचं असेल तर आता.”

मी बोलेन असं मी ठरवलं नव्हतं. “गेल्या रविवारी तुम्ही सगळ्यांनी माझ्या आईच्या हातच्या वड्या खाल्ल्यात,” मी म्हणाले. “माझी आई इलेक्ट्रिकल इंजिनियर आहे. की होती? मला कळत नाहीये. ती शिकली तेव्हा वर्गात ती एकटी मुलगी होती. तिला सूप पाजायला कोणी नव्हतं. इथे येऊन ती चष्मे विकते. ती आज दारात आली, तर आपण तिला काय सांगणार? की तुझी मुदत संपली?”

“म्हणजे मग कोणीही बहीण होऊ शकतं,” शोना म्हणाली. “मग आपण कशासाठी आहोत?”

“माहीत नाही. खरंच माहीत नाही, म्हणून विचारतेय. आपण मुलींना इंजिनियरिंगमध्ये ठेवायला आहोत, की त्या मुलींना एकमेकींजवळ ठेवायला? मला वाटायचं दोन्ही एकच आहे.”

शोनानं डबा टेबलाच्या मधोमध ढकलला. “टाका. जॅस, तूही टाक. अजून तू सभासद आहेस.”

एकेक हात कापडाखाली गेला. पत्र्यावर धातू पडायचा आवाज यायचा, पण नट की वॉशर ते आवाजावरून कळत नव्हतं, आणि आम्ही सगळ्या कान देऊन ऐकत होतो. शेवटी शोनानं डबा टेबलावर उपडा केला. नट, नट, नट. आणि त्यांच्यातून घरंगळत जाऊन ब्रेडच्या पाटाला टेकून आडवा पडलेला एक वॉशर.

सगळ्यांनी शोनाकडे बघितलं. ती कानापर्यंत लाल झाली.

“माझा नाही,” ती म्हणाली. “शपथ. मी नट टाकलाय. मला टाकायचा नव्हता, पण टाकला.”

“माझा आहे,” जॅस म्हणाली.

तिनं तो वॉशर उचलून बोटात फिरवला. “मला बघायचं होतं तुम्ही काय टाकता ते. मला वाटलं होतं निम्मे तरी वॉशर निघतील.” तिनं वॉशर टेबलावर ठेवला. “पण माझं मत मला माहितीये. मी जातेय. माझी खोली जी मुलगी इथे टिकणार आहे तिला द्या. ते टोमणे मारतील ना तिला, शोना, तू म्हणतेस तसे? मग तिला माझ्यापेक्षा या घराची गरज जास्त आहे.”

“मूर्ख आहेस तू,” शोना म्हणाली. “नियमाप्रमाणे आता तू बाहेर.”

“हो.”

“आम्ही नियम बदलू.”

“बदला. पण माझ्यासाठी नको. माझ्यानंतर कोणी सोडेल तिच्यासाठी बदला.”

शोना उठली, सिंकपाशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून नळ सोडून उभी राहिली. धुवायला काहीच नव्हतं. बऱ्याच वेळानं तिनं नळ बंद केला आणि तशीच पाठमोरी म्हणाली, “गुरुवारी सुपाला येशील ना?”

“मसुराचं असेल तर,” जॅस म्हणाली, आणि मग दोघीही रडल्या.

ती येत राहिली. आधी दर गुरुवारी, मग ट्रेनिंग सुरू झाल्यावर जमेल तशी, हॉस्पिटलच्या निळ्या ट्यूनिकवर कोट चढवून. तिच्या वडिलांनी बरेच महिने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. मग त्यांच्या वर्कशॉपमधल्या कामगाराच्या बायकोचं बाळंतपण तिनं केलं, आणि तो कामगार पेढे घेऊन आला तेव्हा त्यांना बोलावंच लागलं. नियमही बदलला. कसा, यावर शोनाचं आणि माझं वर्षभर भांडण चाललं, आणि ते भांडण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं शिक्षण होतं असं मला आता वाटतं. जॅसच्या खोलीत आलेल्या मुलीला टोमणे ऐकावे लागले. ती टिकली. आज शोना वीजवाहिन्यांच्या कामावर पन्नास माणसं सांभाळते, मी पुलांच्या खाली उतरून भेगा बघते, आणि जॅसनं किती पोरं हातात घेतली ते तिनं मोजलेलं नाही.

पण त्या संध्याकाळचं अजून थोडं राहिलंय. बैठक संपल्यावर मी मोबाइल घेऊन मागच्या पायरीवर येऊन बसले आणि घरी फोन लावला. बाबा ड्यूटीवर, रेवा पोहायला गेलेली. आई एकटीच होती. मी तिला सगळं सांगितलं, नट आणि वॉशर, शोनाचं लाल होणं, जॅसचं बोलणं. मी तिच्याबद्दल काय बोलले तेही सांगितलं, जरा चाचरत. आई मधे मधे हं, हं करत होती. माझं सांगून झालं.

“अनू,” आई म्हणाली, “माझ्यासाठी टाकला असता का गं त्यांनी? नट?”

मागून गाडी चालली होती, ती जाईपर्यंत मी थांबले. हो म्हणणं सोपं होतं, आणि ते खरंही होतं. पण हो म्हटलं की बोलणं तिथेच संपलं असतं.

“आई,” मी म्हणाले, “सबस्टेशनवर सकाळी गेल्यावर तू सगळ्यात आधी काय करायचीस?”

“आधी?” तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आई बसली. “आधी काहीच नाही. यार्डात नुसती उभी राहायचे. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतात ना, ते ऐकायचे. बाकीचे आधी मीटर बघायचे आणि मला हसायचे. पण तो आवाज रोज सारखा नसतो गं. उन्हाळ्यात वेगळा, सणाला वेगळा. एकदा काय झालं…”

मी पाय पोटाशी घेतले आणि भिंतीला टेकून ऐकायला लागले.